पुसलेलं इंजिन आणि हात मागे

बस गं, निवांत बस. आणि हे पत्र वाचताना तरी तो मोबाईल पालथा ठेव. एका डोळ्याने आत्या आणि एका डोळ्याने मोबाईल, हे मला चालायचं नाही.

काल दुपारी फोन केलास. म्हणालीस, गाडीत लाल दिवा लागला, सर्व्हिसवाल्यांनी कागद दिला, मोठं काम सांगितलंय. मी एवढंच विचारलं, "बॉनेट उघडून बघितलंस का?" तर म्हणालीस, "आत्या, मला त्यातलं काय कळतंय?"

रागावले मी. तुला फोनवर ऐकू आलं नसेल, कारण मी पाणी प्यायला उठले होते. पण रागावले. चांगली शिकलेली मुलगी, दोन-दोन पदव्या, आणि स्वतःच्या गाडीचं झाकण उघडून बघायच्या आधीच कळत नाही म्हणून मोकळी! हे वाक्य मी दादांसमोर एकदाच बोलले होते. पुन्हा बोलायची छाती झाली नाही.

दादा म्हणजे कोण, ते सांगते. नाव सांगणार नाही, कारण नाव सांगितलेलं त्यांना खपत नाही. त्यांच्या गॅरेजवरसुद्धा नाव नाही. भाईंदर पश्चिमेला, उत्तनकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याची शेड आहे. समोर एक कडुनिंब, बाजूला कोळ्यांची जुनी जाळी पडलेली. शेडवर एकच पाटी, त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली: 'हात लावू नये.'

आता सांग, गॅरेजवर अशी पाटी कोणी लावतं? लोक हसायचे. एकदा एका रिक्षावाल्याने विचारलं, "काका, हात नाही लावायचा तर मग दुरुस्त कशी करणार, मंत्र म्हणून?" तर म्हणाले, "तू हात लावूनच आनलीस ना हितं? मग?"

मी पहिल्यांदा गेले तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होते. गिरगावची खोली सोडून आम्ही इथे आलो, आणि दोन वर्षांत तुझ्या काकांची नोकरी गेली, पाठोपाठ तब्येत गेली. मी गाडी चालवायला शिकले आणि जुनी सात सीटची गाडी घेऊन शाळेच्या मुलांना ने-आण करू लागले. आपल्या घरात कोणी तोंडावर बोललं नाही, पण पाठीमागे काय काय बोललात ते मला माहीत आहे. तुझी आईसुद्धा. असो.

तर त्या दिवशी गाडी सुरूच होईना. ढकलून नेली. दादा खाटेवर बसून स्टीलच्या डब्याच्या झाकणातून कोरा चहा पीत होते. अंगात बंडी, कमरेला कोळी रुमाल, डावा डोळा पांढुरका, उजवा मात्र असा की समोरच्याच्या खिशातलं सुटं दिसावं. उठलेच नाहीत.

"बोनेट उगड. हात मागं घे."

"काय?"

"हात मागं. पाठीवर. शाळंत उभी ऱ्हायची तशी. आनि बग."

मी म्हणाले, "अहो दादा, मला त्यातलं काही कळत नाही."

ते म्हणाले, "बाय, घरात भात कोन करतं?"

"मीच."

"करपला तर कुनाला कळतं? कंपनीला फोन करतेस?"

त्यांचा चहा संपेपर्यंत मला तशीच उभी ठेवली, हात मागे बांधून. लाज वाटत होती, रस्त्यावरून बायका जात होत्या. पण बघण्याशिवाय काही करायला नव्हतं म्हणून बघितलं. आणि काय सांगू, त्या काळ्या पसाऱ्यात हळूहळू वस्तू वेगळ्या दिसायला लागल्या. हे रबर, हे लोखंड, ही वायर. आणि कोपऱ्यातल्या बॅटरीच्या टोकावर पांढरं-हिरवं काहीतरी फुललेलं. मी म्हणाले, "इथे मीठ धरलंय."

चहाचं झाकण खाली ठेवलं त्यांनी. "मीठ न्हाय ते. पन दिसला ना? मग कळत न्हाय कशाला बोललीस?"

ते टोक साफ केलं, गाडी सुरू झाली. तेव्हापासून 'कळत नाही' हा शब्द माझ्या तोंडून गेला तो गेलाच.

हात मागे का, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून नाही, त्यांच्या मनात आलं म्हणून. तरुणपणी ते मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायचे. एकदा इंजिन तापलं, आणि हे न बघता घाईने पाण्याचं झाकण फिरवायला गेले. उकळतं पाणी वर आलं. डावा डोळा तिथेच गेला. "हाताला लय घाई असते बाय," म्हणाले आणि विषय बदलून बोंबलाच्या भावावर आले.

त्यांचं बघणंही अजब होतं. तू बॉनेट उघडलंस की खाली इंजिनकडे बघशील ना? ते आधी वर बघायचे, बॉनेटच्या आतल्या बाजूला. मला म्हणाले, "तू कुकर उगडतेस तवा झाकन बगतेस का न्हाय?" आणि खरंच गं! वरण उतू गेलं की झाकण सांगतं, शिट्टीतून गेलं की कडेने गेलं. तसंच बॉनेटचं. वर जिथे डाग, शिंतोडे, त्याच्या बरोबर खाली चोर. मग ते एक काठी काढायचे. काठीच्या टोकाला बायकांच्या पावडरच्या डबीतला गोल आरसा सुतळीने बांधलेला. तो इंजिनच्या मागे सरकवून पलीकडचं बघायचे. तेवढंच त्यांचं यंत्र.

बाजारातही तेच. त्यांच्याच भाऊबंदांच्या बायका मासे विकायला बसलेल्या असायच्या आणि हे येताना दिसले की पाट्या झाकायच्या. हे पापलेटाला हात लावायचे नाहीत, नुसते वाकायचे. "कल्ला उगड." ती उघडायची. "कालचा." आणि पुढे. एक मावशी मला म्हणाली, "हा मेला आला का धा गिऱ्हाईकं पलतात माजी. याच्या डोल्यात मीठ घालाला पायजे." मी म्हणाले, "एकात तर आधीच गेलंय काहीतरी." ती हसून हसून पाटीवर कलंडली.

एकदा एक मोठी लांबलचक गाडी आली. मालक गॉगल लावलेले. तीन ठिकाणी मशीन लावून झालं होतं, प्रत्येक मशीनने रोगाचं वेगळं नाव सांगितलं होतं. दादांनी बॉनेट उघडायला लावलं, मालकांना हात मागे घ्यायला लावले. ते गृहस्थ म्हणाले, "देखो काका, मेरे पास टाइम नहीं है." दादा म्हणाले, "मेरे पास हाय. तुम बगो." आणि चहा ओतून घेतला. पाच मिनिटांनी मालकच ओरडले, "अरे ये क्या है?" इंजिनच्या पाठीमागे, ऊबदार कोनाड्यात, उंदराने चिंध्यांचं घर केलेलं आणि त्यात चार सुके बोंबील व्यवस्थित रचून ठेवलेले! गाडी उत्तनला बंगल्यावर, बोंबील वाळत घालतात त्या वलांडींच्या जवळ उभी असायची. वायर कुरतडलेल्या. दादा म्हणाले, "उंदीर शाना हाय. घर बगून घेतलान."

माणसांकडेही तसेच बघायचे, बरं का. तुझे काका एकदा माझ्याबरोबर आले होते. दादांनी त्यांच्या पायांकडे बघितलं. काका रिक्षात बसल्यावर दादा मला म्हणाले, "मालकांच्या पायावर चपलेचा पट्टा रुतलाय. सूज हाय. उद्या न्हाय, आज डॉक्टर." त्या संध्याकाळी आम्ही गेलो. किडनीचं होतं. त्यानंतर पाच वर्षं मिळाली आम्हाला, ती त्या बघण्याची.

म्हणून म्हणते, त्यांना कोणी वेडा म्हणालं की माझं डोकं फिरतं. पण थांब, ते माझ्यावर चिडले होते ती गोष्ट राहिली. तीच तर सांगायची आहे.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात मला गाडीत वास यायला लागला. गोड, पाक जरा जास्त झाल्यावर येतो तसा. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, त्या कूलंटचा वास तसाच असतो, मला माहीत होतं. त्याच्या डबीतलं पाणीही थोडं कमी झालं होतं. म्हटलं, सण होऊन जाऊ दे, मग दादांना दाखवू. आणि दसऱ्याला मी काय केलं? आपल्याकडे करतात तेच. गाडी धुतली. नुसती बाहेरून नाही, बॉनेट उघडून, कपड्याची पावडर, जुना ब्रश घेऊन इंजिन घासघासून धुतलं. सगळे रबरी पाइप खोबरेल लावून चमकवले. झेंडूचा हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. इतकं सुंदर दिसत होतं की मी फोटो काढून तुम्हा सगळ्यांना पाठवला होता. तू अंगठा पाठवला होतास, आठवतंय?

दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी, भर दुपारी, केबिन रोडवर, गाडीत सात मुलं, आणि बॉनेटमधून पांढरी वाफ. अशी की पुढचं दिसेना. मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, मुलांना एकेक करून उतरवलं आणि वह्या-पुस्तकांच्या दुकानात बसवलं. दुकानदाराने पोरांना पेप्सीकोला दिला. कोणाला काही झालं नाही. पोरं तर खूश होती. पण लोकांनी व्हिडिओ काढले, आणि मुलं घरी पोचायच्या आधी वाफ घरी पोचली.

शाळेत गाड्यांचं बघणारे एक सर होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला तीन पेनं. त्यांनी गाडी हायवेवर काशीगावजवळच्या एका मोठ्या काचेच्या वर्कशॉपमध्ये पाठवली. तिथे मशीन लावलं. मशीन म्हणालं, इंजिन अति तापलं. ते तर मीही सांगितलं असतं! त्यावरून त्यांनी लिहून दिलं: इंजिनचं हेड, म्हणजे त्याचं वरचं झाकण, गेलं असावं, इंजिन उतरवावं लागेल, गाडी शाळेच्या कामाला योग्य नाही. सर म्हणाले, "मॅडम, तुमचं वय बघता आता आराम करा. सोमवारी पालकांसमोर जाहीर करू. दुसऱ्या बसची सोय झालीय."

वय बघता! गाडीतलं काही दिसलं नाही यांना, आणि माझं वय मात्र बरोबर दिसलं.

त्या गाडीवर आमचं घर चालत होतं गं. तुझ्या काकांचं आठवड्यातून दोनदा हॉस्पिटल चालत होतं. गाडी गेली की सगळंच गेलं. पण पैशापेक्षा दुसरं डाचत होतं. अकरा वर्षं मी पोरं नेली होती, कोणाचं नख दुखावलं नव्हतं, आणि जाताना 'म्हातारीची धोकादायक गाडी' हे नाव लागणार.

शनिवारी गाडीत पाणी भरून, हळूहळू, एकटी दादांकडे गेले. म्हटलं, दादा बघतील आणि सोडवतील.

बॉनेट उघडलं. त्यांनी वर बघितलं. चकचकीत. खाली बघितलं. चकचकीत. जवळ येऊन वास घेतला.

"खोबऱ्याचा तेल?"

मी म्हणाले, "दसऱ्याला..."

"रबराला तेल लावलास? त्याचा काय डोका दुकत होता?"

मी सांगून टाकलं, सणाआधी गोड वास आला होता तेही. मग त्यांचा आवाज चढला. "सगला पुसलास! कुठून गलत होता, कसा गलत होता, सगला लिवलेला होता हितं. कागद वाचायच्या आदी धुतलास!" आणि बॉनेट धाडकन बंद केलं. "जा. मलवून आन."

"काय?"

"गारी मलवून आन. चांगली गारी मी बगत न्हाय."

मी रडकुंडीला आले. सांगितलं, सोमवारी पालक येणार, सर काढून टाकणार, मळवायला वेळ कुठला? ते खाटेवर आडवे झाले आणि रुमाल तोंडावर घेतला. रुमालाखालून एवढंच म्हणाले, "पोरांना बसवू नको. काटा बगत चालव. तापला का थांब."

घरी येईपर्यंत त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या! भाईंदरमध्ये काय आणि कुठे उकरलेलं नाही, धूळ तर चिकार. पण एका दिवसात चढणार किती? रविवारी सकाळी आंघोळ करून आरशापुढे उभी राहिले, मानेला पावडर लावायला डबा उचलला आणि तशीच थांबले. डबा घेऊन खाली गेले. कोरड्या फडक्याने पाइपांवरचं तेल पुसून काढलं आणि सगळ्या पाइपांवर, जोडांवर, क्लिपांवर पावडर भुरभुरवली. थंडाईच्या गुलाबासारखा वास! वॉचमन भय्या विचारतो, "आंटीजी, गाड़ी की शादी है क्या?"

म्हटलं, "हाँ, तू बैंड बुला."

काशीगावच्या बाजूला एक मोकळा रस्ता होता, तिथे हळूहळू चार फेऱ्या मारल्या, डोळा तापमानाच्या काट्यावर. काटा चढायला लागला तशी थांबले. बॉनेट उघडलं. हात मागे. आधी वर बघितलं. झाकणाच्या आतल्या बाजूला ओल्या पावडरचे थेंब, पंख्यासारखे पसरलेले. त्याच्या सरळ खाली बघितलं. रेडिएटरकडून येणारा वरचा रबरी पाइप, त्याच्या क्लिपच्या अगदी मागे, खालच्या अंगाला, पांढऱ्या पावडरवर एकच करडी ओली रेघ. दुधाच्या पातेल्याला चीर गेल्यावर असते तशी. गार असताना ती चीर मिटलेली. तापलं, दाब आला, की उघडायची.

एकटीच नाचले मी तिथे. कोणी बघितलं असतं तर माझंच हेड गेलं म्हणाले असते.

तशीच दादांकडे. त्यांनी वाकून उजवा डोळा लावला. मग बोटाने नाही, नाकानेच पावडर हुंगली आणि हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना दात दाखवून हसताना तेव्हाच बघितलं. वरचे दोन नव्हतेच.

मी म्हणाले, "आता उद्या तुम्ही शाळेत या आणि सरांना सांगा."

"मी कशाला? दिसला कुनाला?"

"मला. पण माझं कोण ऐकणार?"

"आयकतील का न्हाय ते त्यांचा. सांगायचा तुजा." मग म्हणाले, "येईन. पन बोलनार न्हाय. आनि तू आदी वासाचा सांगायचा."

आठवडाभर आधी मला वास आला होता आणि सणाच्या नादात मी टाळलं, हे त्यांना सोडून कोणाला माहीत नव्हतं. म्हटलं, "दादा, ते सांगितलं तर मला उभ्या उभ्या हाकलतील."

"हाकलतील. मंग? ता लपवलास तर ती पन दसऱ्याची गारीच."

रात्रभर विचार केला नाही, खोटं कशाला सांगू. दमले होते, झोपले. पण सकाळी उठले तेव्हा ठरलेलं होतं.

सोमवारी शाळेच्या आवारात पालक जमले होते. सर कागद घेऊन उभे. मी मुद्दामच पाइप बदलला नव्हता. दादा आले ते त्याच बंडी-रुमालात आणि पायरीवर जाऊन बसले, झाकण आणि चहाचा थर्मास घेऊन. जसे काही शाळेचेच मालक.

मी बॉनेट उघडलं. सर म्हणाले, "मॅडम, हा गॅरेजचा तमाशा शाळेत नको. आणि हे काय, इंजिनला पावडर?"

"हो सर. तुमच्या मशीनला दिसलं नाही ते माणसांना दिसावं म्हणून. आणि तमाशा म्हणाल तर पहिला अंक केबिन रोडवर झाला, त्याचा व्हिडिओ तुम्हीच ग्रुपवर टाकलात. आता दुसरा बघा."

मागे कोणीतरी हसलं. मी इंजिन चालू केलं. ते तापायला वेळ लागतो, तेवढ्यात जे सांगायचं ते सांगून टाकलं. मराठीत सांगितलं, मग आमच्या मोडक्या हिंदीत. सणाआधी वास आला होता. मला कळलं होतं. मी टाळलं. वर धुऊन सगळ्या खुणा घालवल्या. चूक माझी, गाडीची नाही.

एक मारवाडी आई, जिचा मुलगा माझ्या गाडीत सर्वांत पुढे बसायचा, तिने विचारलं, "आंटी, आप को पहले से मालूम था?"

"हाँ बेटा. मालूम था."

सरांना तेवढंच हवं होतं. "बघा! स्वतः कबूल करताहेत. आता आणखी काय राहिलं?"

"हेड राहिलं," मी म्हणाले. "तुमच्या कागदावर हेड गेलंय. हेड गेलं की ऑइलमध्ये पाणी शिरतं, ऑइलच्या झाकणाला आतून दुधाच्या चहासारखी साय धरते. गार असताना ते झाकण मी उघडून ठेवलंय, हे बघा. आहे साय? ही ऑइल मोजायची पट्टी बघा. ऑइल काळं आहे, पण स्वच्छ आहे. आणि आता इथे बघा, या पाइपच्या खाली."

"कुठे? दाखवा," म्हणत सर तावातावाने पुढे आले आणि त्यांनी सरळ त्या तापलेल्या पाइपाकडे हात घातला.

"हात मागं!"

काय तो आवाज! भर समुद्रात दुसऱ्या बोटीला हाक घालायचा आवाज तो. पायरीवरून दादा उभे राहिले होते. सरांचे हात झटकन पाठीमागे गेले. आणि मजा म्हणजे त्यांचेच नाहीत. सगळ्या पालकांचे, वॉचमनचे, खिडकीतून डोकावणाऱ्या मराठीच्या बाईंचे, झाडून सगळ्यांचे हात मागे! दादा खाली बसले आणि चहा ओतून घेतला.

मग सगळे बघू लागले. क्लिपच्या मागे, पांढऱ्यावर, एक थेंब धरला. फुगला. ओघळला. त्याच्यामागे दुसरा. आणि मग फुस्स करून केसाएवढी बारीक पिचकारी वर उडाली, बॉनेटच्या आतल्या बाजूला, बरोबर त्या जुन्या डागावर.

"अरे हाँ," मारवाडी आई म्हणाली. "ये तो दिख रहा है."

मी इंजिन बंद केलं. गार झाल्यावर नवा पाइप, नवी क्लिप तिथेच सगळ्यांसमोर बसवली. दादांनी नाही, मी. पाणी भरलं. मग तासभर इंजिन चालू ठेवलं. काटा मध्यावर आला आणि तिथेच बसला. निम्मे पालक कंटाळून कामाला गेले, पण ती मारवाडी आई काट्यासमोर सीटवर बसून राहिली. उतरताना सरांना म्हणाली, "मेरा बेटा इसी में जाएगा. ये बोलती तो है."

दोघींनी मुलं काढून घेतली. त्यांचं चुकलं म्हणणार नाही मी. आईचं काळीज असतं, आणि चूक माझीच होती. पाच मुलं राहिली. सरांनी तोंड वाकडं करून अट घातली: महिनाभर दर सोमवारी शाळेच्या दारात बॉनेट उघडून दाखवायचं. त्यांना वाटलं, मी लाजेन. मी महिना नाही, गाडी सोडेपर्यंत दर सोमवारी दाखवलं, पुढची सात वर्षं. आणि पालकांना नाही, पोरांना. ओळीने उभी राहायची, दप्तरं पाठीवर, हात मागे. "आजी, आज बेल्टला केस आलेत." "आजी, इथे ओलं आहे." एकदा पहिलीतल्या एका चिमुरडीने सांगितलं, "आजी, इथे पालीने अंडं घातलंय." घातलं होतं खरंच. सरांची स्वतःची गाडी पुढे एकदा बंद पडली. ते माझ्याकडेच बघत आले. मी नुसते हात मागे घेऊन दाखवले.

आता ऐक. दादा अजून आहेत. ऐंशी कधीच उलटली. दोन वर्षांपूर्वी उजवा डोळाही काचबिंदूने नेला. घरच्यांनी सांगितलं, शेड बंद करा, आता काय बघणार. आजूबाजूचे तर पहिल्यापासूनच म्हणत होते, आता उघड म्हणायला लागले: आंधळा मेकॅनिक. तर हे रोज काठी टेकत येतात, खाटेवर बसतात, झाकणातून चहा पितात. पाटी आहे तशीच. रंग उडाला होता, मी नवा दिला. गाडी आली की म्हणतात, "हात मागं. काय दिसतंय सांग." माणूस सांगतो, पांढरं आहे. तर खेकसतात, "पांढरा म्हंजे कसला? मिठासारका का चुन्यासारका?" माणूस परत वाकतो, परत बघतो. आणि त्याच्याच तोंडून रोग बाहेर येतो. गेल्या आठवड्यात थालीपीठ घेऊन गेले होते तेव्हा एक डॉक्टर हात मागे बांधून उभे होते आणि ओरडा खात होते.

मी विचारलं, "दादा, आता डोळा नाही तर कंटाळा येत नाही?"

म्हणाले, "डोला न्हाय कसा? हितं रोज दोन-दोन येतात."

म्हणून सांगते, तो सर्व्हिसवाल्यांचा कागद घरीच ठेव. त्यांचं चूक आहे असं मी म्हणत नाही, बरोबरही असेल. पण आधी तू बघ आणि तू सांग. गाडी गार असताना पाण्याची पातळी तपासून घे, काट्यावर डोळा ठेव, तापली तर थांब, आणि हळूहळू ये. या रविवारीच ये, पुढच्या म्हणू नकोस. दादांचं वय झालंय आणि माझे गुडघे मला रोज आठवण देतात की माझंही. बोंबील तळून ठेवते तुझ्यासाठी, मी खात नसले तरी त्यांच्या सुनेने शिकवलेत. कडुनिंबाखाली गाडी लावू, मी बाजूला उभी राहीन, एक शब्द बोलणार नाही.

आणि एक. तुझा स्वभाव मला माहीत आहे, पाहुणी म्हणून निघालीस की आधी गाडी चकाचक करशील. ये लवकर, पण धुऊन आणू नकोस.